साखळीतला हात

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील सर्व क्रीडामंडळांचे अध्यक्ष, सचिव, कार्यकर्ते आणि संघांचे कर्णधार यांस,



भातं झोडून झाली आणि पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की आपल्याकडे मैदानं तयार व्हायला लागतात. ढेकळं फोडून माती चाळली जाते, पाणी मारून रोलर फिरतो, फक्कीच्या रेषा पडतात आणि नाक्यानाक्यावर ‘प्रकाशझोतातील भव्य कबड्डी स्पर्धा’ असे फ्लेक्स लागतात. मुंबईची मुलं रात्रीच्या गाडीने येतात, सामने खेळतात आणि सोमवारी पहाटे पुन्हा कामावर हजर होतात. हे सगळं तुम्ही वर्गण्या मागून, पदरचे पैसे घालून, रात्री जागून करता. मी याच मैदानांवर खेळलो, पुढे शाळेत क्रीडाशिक्षक झालो, सुट्टीत पंच म्हणून शिट्टी वाजवली. तुमचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. म्हणूनच थोडं कडू बोलायचा हक्क घेतो आहे.

विषय एचआयव्हीचा आहे. एवढं वाचूनच काहींनी पत्र बाजूला ठेवलं असेल. ज्यांनी ठेवलं नाही, त्यांना आधी एक जुनी गोष्ट सांगतो.

आमच्या संघात एक मुलगा होता, डावा कोपरा सांभाळायचा. घोट्याला त्याचा हात असा पडायचा, की चढाईला आलेला पाय मागे घ्यायलाही उसंत मिळायची नाही. त्याचे वडील मुंबईला नोकरीला. ते आजारी होऊन गावी आले आणि पावसाळ्यात गेले. कशाने गेले, ते कुठल्याशा दवाखान्यातून कोणीतरी फोडलं आणि आठवडाभरात वाडीवाडीत पसरलं. त्यानंतरच्या सरावाला मी नेहमीसारखी साखळी लावली. चढाईपटू आत आला, साखळी सरकली आणि डाव्या कोपऱ्याशी तुटली. मी ओरडलो, ‘हात धर!’ पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी जवळ जाऊन पाहिलं, तर शेजारच्या मुलाने हात धरलाच नव्हता. त्याने बनियनची कड दोन बोटांच्या चिमटीत धरली होती. कोपऱ्यातल्या पोराचा मातीने भरलेला तळवा मात्र पुढे केलेला, तसाच उघडा होता.

मी काही बोललो नाही. पुढच्या सामन्याला त्याला राखीव बसवलं. ‘थोडे दिवस रे,’ म्हणालो. संघ फुटू नये, एवढंच डोक्यात होतं. चार सामने तो बाकावर बसला, पाचव्याला आलाच नाही. त्याला एचआयव्ही नव्हता, हे पुढे कळलं. पण ते सांगून मी माझी बाजू सावरणार नाही. असता, तरी त्याचा हात धरण्यात कोणालाही कसलाच धोका नव्हता. घामातून, थुंकीतून, अंगाला अंग घासण्यातून हा विषाणू जात नाही. मला हे तेव्हाही ठाऊक होतं, दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बसून मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. वहीतलं ते मैदानावर कसं आणायचं, हे मला सुचलं नाही, आणि सुचावं म्हणून मी धडपडलोही नाही.

अशी चिमटी आपल्याच मुलांनी धरली असं समजू नका. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने ७ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्याला एचआयव्ही असल्याचं जगाला सांगितलं. पुढच्या वर्षी तो ऑलिंपिक खेळला, सुवर्णपदक घेऊन आला. त्यानंतर त्याने नेहमीच्या सामन्यांत परतायचं ठरवलं, तेव्हा काही खेळाडूच बोलू लागले, की खेळताना त्याला जखम झाली तर आमचं काय? शेवटी तो हंगामाआधीच मागे सरला. त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, औषधं घेत तो ठणठणीत जगतो आहे. एवढा मोठा खेळाडू, एवढे शिकलेले सहकारी, तरी भीतीच वरचढ ठरली. मग आपल्या वाडीतल्या पंधरा वर्षांच्या पोराला मी काय दोष देऊ? दोष द्यायचा तर मला द्या. आणि आता तुम्हालाही देतो.

तुम्हाला अशासाठी, की ही मुलं तुमचंच ऐकतात. शाळेतल्या तासाला ती ऐकत नाहीत. आणि शाळाही या विषयावर फारशा बोलत नाहीत. केंद्र सरकारने २००५ साली शाळांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला, त्यात एचआयव्हीचा भाग होता. २००७ साली त्यावरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो थांबवला. संस्कृती बिघडेल म्हणे. ज्या साली आपल्या महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच १९२७ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि शरीरसंबंध, संततिनियमन, गुप्तरोग यांवर मराठीत सरळ लिहायला सुरुवात केली. त्यापायी खटले सोसले, दंड भरला. त्यानंतर ऐंशी वर्षांनी आपण पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांना घाबरलो.

मग उरतो १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. एका वर्षीची फेरी मला आठवते. मुलांच्या हातात पुठ्ठ्याचे फलक, एक घोषणा, नाक्यापर्यंत जाऊन परत, फोटो, बिस्कीटपुडा. फलक धरलेल्या एका मुलाला मी विचारलं, ‘बाळा, एचआयव्ही आणि एड्स यांत फरक काय?’ त्याने फलक उलटा करून वाचून पाहिला. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. तो खजील झाला, मला मात्र त्याला विचारल्याचीच लाज वाटली. त्याला सांगायला हवं होतं ते एवढंच: एचआयव्ही हा विषाणू. तो शरीराची लढायची ताकद हळूहळू खातो. ती पार खालावून इतर आजार अंगावर चढू लागले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेत औषधं सुरू झाली तर माणूस त्या अवस्थेला पोचतच नाही.

आता परक्या मुलखातली दोन उदाहरणं सांगतो, कारण तिथली मंडळं तुमच्यासारखीच आहेत. केनियात नैरोबी शहरात मथारे नावाची अफाट झोपडपट्टी आहे. तिथे १९८७ साली मुलांची फुटबॉल लीग सुरू झाली. नियम असा, की संघाने वस्तीतला कचरा उचलला तर त्याचे गुण लीगच्या तक्त्यात जमा. सामना जिंकल्याचे गुण आणि गाव झाडल्याचे गुण एकाच तक्त्यात! पुढे त्याच खेळाडूंनी वस्तीत एड्सबद्दल बोलायला सुरुवात केली. दुसरं झिंबाब्वेचं. टॉमी क्लार्क नावाचा खेळाडू बुलावायोत फुटबॉल खेळला होता. ओळखीचे खेळाडू या आजाराने जात होते आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. तो पुढे डॉक्टर झाला आणि २००२ साली त्याने मित्रांसोबत ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था काढली. नावाजलेल्या फुटबॉलपटूंना शिकवून मुलांपुढे उभं केलं, आणि भाषणाऐवजी खेळ दिले.

त्यांतला एक खेळ मी आपल्या मातीत करून पाहिला आहे. तिथे चेंडू वापरतात, मी सुपारी घेतली. सात जण खांद्याला खांदा लावून उभे, हात पाठीमागे. सुपारी मागच्या मागे या हातातून त्या हातात फिरते. समोरच्या संघाने चेहऱ्यांवरून ओळखायचं, की सुपारी कोणाकडे. मुलं नजरेत नजर घालून बघतात, ‘हा हसला, याच्याकडेच,’ म्हणतात आणि चुकतात. एकदा एका सडपातळ, खोकणाऱ्या मुलावर सगळ्यांनी बोट ठेवलं. त्याने दोन्ही हात पुढे आणून उघडले, रिकामे. सुपारी निघाली संघातल्या सगळ्यात धिप्पाड गड्याच्या मुठीत. क्षणभर मैदान गप्प झालं. मग मी एवढंच म्हणालो, ‘तोंड बघून एचआयव्ही ओळखता येतो का रे?’ उत्तर द्यायची गरज कोणालाच राहिली नाही. तासभर व्याख्यान देऊन हे साधलं नसतं.

तेव्हापासून मी आपल्याच खेळांत शोधू लागलो. लगोरी घ्या. सात चपटे दगड रचले, हे शरीराचं बळ. चेंडू बसला की ढासळतात, तो विषाणू. रचणारे गडी म्हणजे रोजची औषधं. एक डाव सगळे गडी ठेवून खेळायचा, एक डाव त्यांतले तीन काढून घेऊन. गडी कमी पडले की दगड रचून होत नाहीत, हे पोरांच्या अंगाला कळतं, आणि गोळी चुकवायची नाही म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. या गोळ्या सरकारी दवाखान्यांत २००४ सालापासून मोफत मिळतात. २०१७ पासून तर लागण कळली की लगेच उपचार सुरू करायचे, असं धोरण आहे. नियमित औषधांनी विषाणूचं रक्तातलं प्रमाण इतकं खाली येतं, की तपासणीत सापडत नाही. ते तसंच टिकून राहिलं तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न, संसार, निरोगी मूल, सगळं होऊ शकतं. ही बातमी आपल्या किती वाड्यांत पोचली आहे?

आणि कबड्डी तर आपली स्वतःची. चढाईला गेलेला गडी कोणाला शिवला नाही आणि निदानरेषा ओलांडून आला नाही, तर तो बाद, हे आपल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. निदान म्हणजे किमान, आणि निदान म्हणजे रोगाची ओळखही. मी मुलांना सांगतो, आयुष्यात एकदा तरी ही दुसरी निदानरेषा ओलांडून या. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी फुकट होते, गुप्त राहते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करून विचारता येतं, पैसे पडत नाहीत. लागण झाल्या झाल्या तपासणीत ती दिसेलच असं नसतं, म्हणून सांगितल्याप्रमाणे पुन्हा जावं लागतं. हे शब्द माझ्या तोंडून मुलांनी ऐकले तर ‘सर सांगतायत’ म्हणून ऐकतील. गावच्या नावाजलेल्या चढाईपटूच्या तोंडून ऐकले तर जातील.

खेळ खेळवला की पोरांची वागणूक रातोरात बदलते, असा माझा दावा नाही. बदल सावकाश होतो, कधी होतही नाही. पण प्रश्न तरी तोंडाबाहेर पडतात. आमच्या सव गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, अंगाला खाज-खरूज झाली की लोक बरं वाटावं म्हणून येतात. सुपारीच्या खेळानंतर एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘सर, तसा माणूस कुंडात उतरला आणि नंतर आपण उतरलो, तर होतो का?’ नाही होत. दुसऱ्याने विचारलं, कुंडात अंघोळ करून एचआयव्ही बरा होतो का. तसंही होत नाही. डासाने होतो का, एका ताटात जेवल्याने होतो का, न्हाव्याच्या ब्लेडने होतो का, गरोदर बाईकडून पोराला होतो का. हे प्रश्न वर्षानुवर्षं त्यांच्या पोटात होते. डास आणि ताट यांनी होत नाही, पण ब्लेड दर वेळी नवीन मागून घ्यावं. गरोदर बाईची वेळेत तपासणी होऊन औषधं मिळाली, तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी राहते.

आता मागण्या. चषकाचा खर्च वाढवा असं मी म्हणत नाही. उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या मधली पंधरा मिनिटं द्या. त्या वेळेत तुमचा समालोचक देणगीदारांची नावं वाचतो. ती आधी वाचा. कोणाची देणगी कुठल्या धंद्यातून आली, हे माइकवर सांगताना आपण अडखळत नाही, मग ‘कंडोम’ हा शब्द उच्चारताना का अडखळावं? असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, एकाने वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला, एवढ्याच वाटा आहेत. हे वाक्य माइकवर म्हणायला पंधरा सेकंद लागतात.

सुईचं तर तुम्हाला खास सांगायला हवं. जत्रेत एकाच सुईने दहा जणांच्या मनगटावर गोंदून घेतात, ते तुमचेच खेळाडू असतात. ताकदीसाठी म्हणून कोणी इंजेक्शन घेत असेल आणि सिरिंज मित्राला देत असेल, तर कर्णधाराला ते कळतंच. तिथे तोंड उघडा. आणि गुडघा फुटला की आपण त्यावर मैदानाचीच माती दाबतो, ते बंद करा. फुटबॉलमध्ये रक्त वाहणाऱ्या खेळाडूला पंच मैदानाबाहेर पाठवतो, रक्त थांबल्याशिवाय आत घेत नाही. खेळताना अशी लागण होण्याचा संभव नगण्य आहे, घाबरण्यासारखं काही नाही. तरी प्रथमोपचाराच्या पेटीत रबरी हातमोजे ठेवा आणि हा नियम कोणा एकासाठी न ठेवता सगळ्यांसाठी ठेवा. सगळ्यांच्या जखमेला सारखाच हातमोजा लागला, की कोणाकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

एक चूक उत्साहाच्या भरात होते, ती करू नका. मैदानावरच तपासणीचं शिबिर लावून माइकवरून नावं पुकारणं. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माणसाच्या संमतीशिवाय तपासणी करायला आणि त्याची स्थिती जगजाहीर करायला मनाई आहे. भेदभावालाही आहे. कोणाला खेळवायचं नाही म्हणून ‘रिपोर्ट आण’ म्हणालात, तर तोही अन्यायच. रुग्णालयातल्या समुपदेशकाला स्पर्धेला बोलवा, त्याला व्यासपीठावर शाल देऊ नका, मुलांमध्ये बसू द्या. ज्याला जायचं तो सोमवारी एकटा जाईल.

आणि मुली. वर्षानुवर्षं तुम्ही मुलींचा एक ‘प्रदर्शनीय सामना’ उद्घाटनाला ठेवता. त्यांना अंधार पडायच्या आत घरी पाठवता आणि खरी स्पर्धा रात्री सुरू होते. दहावीनंतर त्यांचा सराव सुटतो, दोन-चार वर्षांत लग्न होऊन त्या मुंबईला जातात. नवऱ्याची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न विचारायचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. नवऱ्याकडून आजार येतो आणि नाव हिचं होतं: पांढऱ्या पायाची. मी अशा घरांतून परत माहेरी आलेल्या मुली पाहिल्या आहेत, त्यांतली एक माझ्या संघाची कर्णधार होती. मुलींची स्पर्धा दिवसा भरवा, पूर्ण भरवा, आणि सुपारीचा खेळ तिथे आधी खेळवा. त्यांना शिकवायला बाईच हवी. गावातली आशाताई हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करेल.

काही जण म्हणतील, आपल्याकडे आता हा आजार कुठे आहे? देशात एचआयव्हीसह जगणारी सुमारे २५ लाख माणसं असल्याचा सरकारी अंदाज आहे आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त संख्या महाराष्ट्रात आहे. आपली निम्मी तरणी पोरं मुंबईत मंडळाच्या खोल्यांवर राहतात, उरलेली एमआयडीसीत आणि महामार्गावर कामाला आहेत. त्या पोरांना वाईट ठरवण्यासाठी हे सांगत नाही. माहिती नसलेलं पोर कुठेही असलं तरी धोक्यात असतं. २०११च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी आयसीसीने युएनएड्स आणि युनिसेफ यांच्यासोबत ‘थिंक वाइज’ मोहीम चालवली होती, सेहवाग आणि संगकारा तिचे प्रचारक होते. वानखेडेवरचा शेवटचा षटकार आपल्याला पाठ आहे, त्या मोहिमेचं नावही आठवत नाही. मोठ्या मैदानावरची गोष्ट तिथेच राहते. आपल्या शेतातल्या मैदानावर ती आपल्यालाच आणावी लागेल.

दर २० मार्चला आपल्या महाडात देशभरातून माणसं येतात. बाबासाहेब जिथे ओंजळभर पाणी प्यायले, त्या तळ्याकाठी उभी राहतात. त्या पाण्याचा अर्थ आपल्या मुलांना आपण समजावून सांगतो, निबंध लिहून घेतो. आणि त्याच तालुक्यात, घरात एचआयव्ही आहे म्हणून एखाद्या मुलाचा पेला वेगळा ठेवला जातो, सामन्याच्या मध्यंतरात जग त्याच्या ओठांना लागू नये म्हणून पाणी वरून ओतलं जातं. मी हे पाहिलं आहे. माझ्याच मैदानावर पाहिलं आहे. पाणी वाटणारा स्वयंसेवक तुमचा असतो. त्याला स्पर्धेआधी जवळ बसवून दोन शब्द सांगणं तुमच्या हातात आहे.

मी सवलाच असतो. पायांत आता चढाईचं बळ नाही, पण आवाज शाबूत आहे. तुमच्या स्पर्धेची तारीख ठरली की निरोप धाडा, मी माझ्या खर्चाने येईन. सोबत सुपारी आणीन, लगोरीचे दगड तुमच्याकडे मिळतीलच. येण्याआधी एकच करा: साखळीत डाव्या कोपऱ्यावर कोण आहे आणि त्याच्या शेजारी कोण, ते मला सांगून ठेवा. सुरुवात मी तिथून करणार आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
सव, ता. महाड, जि. रायगड